वाळवणाचा कान

मेश्रामभाऊंना पापड दाखवायला मी भ्यायची. खोटं कशाला सांगू. कार्डिफमध्ये उन्हाच्या नावाखाली जे काही मिळतं त्यात चार दिवस खिडकीशी ठेवून मी पापड वाळवायची, आणि भाऊ चहाला आले की ताट उचलून कपाटात सरकवायची. पण त्यांना कळायचंच. "आणा ताई," म्हणायचे. मग एक पापड घ्यायचे, डोळे मिटायचे, पापड कानाजवळ न्यायचे आणि तिथंच मोडायचे. जिभेनं पारखणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. कानानं पारखणारा हा एकच.

"अजून दोन दिवस," म्हणायचे. नाहीतर, "झालं." याच्यापुढे तिसरा शब्द नाही.

एका वर्षी मी हट्टानं त्यांचे दोन दिवस थांबले नाही. डबा भरला, झाकण लावलं. महिन्यानं उघडला तर पापडांना हिरवी दाढी. भाऊ समोरच बसलेले. काही बोलले नाहीत हो. नुसता डबा उचलला, आमच्या सिंकमध्ये गरम पाण्यानं घासला, पुसला आणि उपडा ठेवला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलात कामाला होतो. मी किचनमध्ये, ते लॉन्ड्रीत. त्यांची बायको, आमच्या सुशीलाताई, नर्स म्हणून आधी आल्या, आणि हे मागून आले. भंडाऱ्याकडचा माणूस, बी.ए. झालेला, इथं येऊन चादरी वाळवायला लागला. दुसरा कोणी कुढला असता. भाऊंनी तीस वर्षं चादर अशी पाहिली की जणू तिच्यावर परीक्षा आहे. प्रत्येक ट्रॉलीतली मधलीच एक चादर ओढायची, गालाला लावायची. एकदा त्यांनी सबंध ट्रॉली परत पाठवली. मॅनेजर म्हणाला, मशीन ड्राय दाखवतंय. भाऊ म्हणाले, "मशीन त्यावर झोपणार नाही, सर. पेशंट झोपणार आहे." ही गोष्ट आमच्या किचनपर्यंत यायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. माझ्या मिस्टरांना अ‍ॅडमिट केलं होतं, आणि आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलो होतो, तेव्हा. त्यांची आई विड्या वळायची. तेंदूची पानं, तंबाखू, मांडीवर सूप, दिवसभर. पान जास्त वाळलं की वळताना तडकतं. ओलं राहिलं की बुरशी येते. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस यायचा आणि तडकलेल्या विड्या बाजूला काढायचा. "तो बाजूला काढे नं ताई, तिकडंच आमची भाकर जाय," म्हणाले. "मी लहान होतो. आई म्हणे, तुझे कान चांगले आहेत, तू पान पाहून दे. मग मी एकेक पान कानाशी धरून वाकवत बसे. वाकलं तर चांगलं. बोललं तर वाया गेलं." आणि आयुष्यात त्यांनी विडी ओठाला लावली नाही, बरं का. आईनं शपथ घातली होती, आणि पुढं पंचशील घेतलं त्यात सगळंच आलं.

पंचशील म्हटलं की भाऊ वेगळेच. आमची माणसं इथं थोडी. पण महिन्यातून एका रविवारी कौन्सिलचा एक हॉल भाड्यानं घेऊन आम्ही वंदनेला जमतो. पाचही शीलं भाऊ पुढं म्हणायचे, आम्ही मागून. पाचवं, म्हणजे नशा न करण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज अर्धी पट्टी वर जायचा. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीमागचं सगळं वाचून घ्यायचे. एका जयंतीला निखिल रामटेके नावाचा नागपूरचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला, रीडिंग शहरातून बदलून नुकताच आलेला, मोठ्या हौसेनं घरी केलेला तिरामिसू घेऊन आला. भाऊंनी विचारलं, "यात काय काय आहे?" निखिल बिचारा खरं बोलला. कॉफी, क्रीम, बिस्किटं आणि थोडीशी रम, काका, फक्त फ्लेवरला. भाऊंनी ते काचेचं भांडं दोन्ही हातांनी उचललं, बाहेर निखिलच्या गाडीत सीटवर ठेवलं आणि त्याला सीटबेल्ट लावून आले. आत येऊन म्हणाले, "त्याला घरी न्या. त्याला गाडी चालवू देऊ नका."

सगळे हसले. निखिलही हसला, पण कान लाल झाले होते त्याचे. तेव्हापासून आमच्या मंडळीत त्याच्या नावाला तो रमचा वास चिकटला तो चिकटलाच.

तर असा माणूस. आता पुढचं ऐका.

भाऊंच्या भिंतीला भिंत लागून ग्विन राहायचा. रिटायर बस-ड्रायव्हर. पंचवीस वर्षांचा शेजार. त्याची बायको डोरीन व्हीलचेअरमध्ये. तिच्या पायांत रात्रंदिवस असे पेटके यायचे की भिंतीतून ऐकू यायचं, असं सुशीलाताई सांगायच्या. ती माझ्याशी नेहमी हसून बोलायची, सगळ्यांना लव्ह म्हणायची, पण डोळ्यांखाली झोपेचा पत्ता नसायचा. तिला थंडी सोसत नाही म्हणून घरात हीटिंग अखंड चालू. त्या हिवाळ्यात कार्डिफला न शोभणारी कोरडी थंडी पडली होती. पाऊस नाही, पूर्वेचा वारा, बाहेरच्या नळाचं पाणी गोठलेलं. आणि आत रेडिएटर तापलेले. माझ्या हाताची कातडी तडकली, आमच्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. भाऊ म्हणायचे, "ग्विनच्या घरी गेलो की नागपूरचा मे महिना. फक्त कूलर नाही."

डिसेंबरात एकदा ग्विननं त्यांना बोलावलं, रेडिएटरमधून आवाज येतो म्हणून. वरच्या खोलीत भाऊ गेले तर रेडिएटरच्या वर दोरी, आणि दोरीला फांद्या उलट्या टांगलेल्या. ग्विनचा चेहरा पडला. तो विसरूनच गेला होता की त्या खोलीत काय आहे. भाऊंनी काय करावं? एक बोंड हातात घेतलं, कानाशी नेलं, चुरडलं. त्याची पूड झाली.

"ग्विन," म्हणाले, "हे तू वाळवलं नाहीस. हे तू भाजलंस."

आणि मग विचारलं, हे काय आहे. बघा म्हणजे. आधी कामातली चूक सांगितली, पाप नंतर विचारलं. तसं वासावरूनच त्यांना ठाऊक होतं. गावाकडं माळावरच्या साधूंच्या चिलमीत तो वास लहानपणीच नाकात गेला होता.

ग्विननं सगळं सांगितलं. मोठ्या डॉक्टरची वाट बघण्यात वर्ष गेलंय. कोणीतरी म्हणालं, गांजानं पेटके सुटतात. त्यानं अडगळीच्या कपाटात दिवा लावून चार रोपं वाढवली. दोन कापली ती ही. बंदी आहे हे ठाऊक आहे. डोरीननं दोन झुरके घेतले, पण ते इतकं कोरडं की घशाला ओरखडे आले. खोकून खोकून पेटके आणखी वाढले. ग्विन पायरीवर बसला आणि म्हणाला, "मला बस चालवता येते, मेश. मला हे येत नाही." मेश्राम त्याला पूर्ण कधी म्हणता आलं नाही.

भाऊ घरी आले. जेवले नाहीत. सुशीलाताई म्हणाल्या, "काऊन, पोट बरं नाही का?" तेव्हा त्यांनी सांगितलं. सुशीलाताई नर्स, त्यांनी गांजापेक्षा वाईट पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "पोलीस आले आणि तुम्ही सत्तरीत आत गेलात, तर डबा आणायची नाही मी. आधीच सांगून ठेवते."

"मी काही करणार नाही," भाऊ म्हणाले. "फक्त त्यानं जे बिघडवून ठेवलं तेवढं नीट करून देईन."

आणि पहिला डाव सपशेल हरले. आईची तंबाखू फार सुकली की ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, नरम यायची. इथं गोणपाट कुठलं? सुशीलाताईंच्या बासमतीची ती ज्यूटची पिशवी असते ना चेनवाली, ती भाऊंनी ओली केली, त्यात ग्विनचा सगळा चुरा भरला आणि चेन लावली. चार दिवसांनी उघडली तर कुबट वास, आणि त्याच्यावर बासमतीचा घमघमाट. डोरीननं नुसता वास घेतला आणि म्हणाली, "लव्ह, याचा पुलाव होईल." सगळं बिनमध्ये गेलं.

त्या दिवशी भाऊ आमच्याकडे आले. पापडही मागितला नाही. शेवटी म्हणाले, "पान वेगळं, ताई. फूल वेगळं. मी पानाचा माणूस." मला काही अर्थ लागला नाही. मग म्हणाले, "तुमच्याकडं काचेच्या बरण्या आहेत का? झाकण घट्ट बसणाऱ्या."

"आहेत की. कशाला हव्यात?"

"विचारू नका."

"अहो, लोणचं घालताय का?"

"ताई, विचारू नका. विचारलं तर मला खरं सांगावं लागेल."

मी विचारलं. मी काय संत आहे? आणि त्यांनी सांगितलं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते मोडायला नको म्हणून पाचव्याची गोष्ट सांगितली. मी बरण्या दिल्या. सहा. माझ्या लिंबाच्या लोणच्याच्या होत्या, सोड्यानं घासून दिल्या.

उरलेली दोन रोपं जानेवारीत कापली. आता भाऊ विद्यार्थ्यासारखे कामाला लागले. ग्विनच्या घरातली सर्वांत थंड खोली शोधली, मागची बॉक्सरूम. तिथला रेडिएटर बंद. खिडकीला जाड पडदा. लॉन्ड्रीतून रिटायर होताना त्यांना एक घड्याळासारखं गोल यंत्र भेट मिळालं होतं, हवेतला ओलावा दाखवणारं. ते भिंतीला. हवा फार कोरडी झाली की ओला टॉवेल टांगायचा, सरदली की काढायचा. ग्विनला ताकीद, की दाराला हात लावायचा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ भाऊ जिना चढायचे, एक काडी कानाशी नेऊन वाकवायचे आणि खाली येऊन म्हणायचे, "नाही." डोरीन खालून विचारायची, "आज काय म्हणाली ती, मेश?" आणि भाऊ गंभीरपणे उत्तर द्यायचे, "आज ती बोलत नाही." दहा-बारा दिवस असं चाललं. मग एका सकाळी काडी हळूच कट् म्हणाली. तुटली, पण चुरा झाली नाही. भाऊ जिन्यावरच बसले आणि म्हणाले, "झालं."

मग माझ्या बरण्या. भरायच्या, पण गळ्यापर्यंत नाही. आणि रोज थोडा वेळ झाकण उघडायचं. "कोंडलेलं काहीच चांगलं मुरत नाही," म्हणायचे. मला सांगा, लोणच्याला मी हे कधी केलं नाही, पण बोलायची सोय होती का? बरणीत नाक खुपसून ते वास मात्र घ्यायचे. सुरुवातीला ओल्या गवताचा यायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "ताई, आता संत्र्याच्या सालीसारखा येऊन राहिला." आणि चेहरा असा, की नातू झाल्यासारखा.

ते ओढल्यावर डोरीन त्या महिन्यात रात्री चार-चार तास सलग झोपायला लागली. हे मला ग्विननं सांगितलं, रस्त्यात उभं राहून, टोपी काढून. कशासाठी टोपी काढली कोण जाणे, मी तर नुसत्या बरण्या दिल्या होत्या.

पण वास काय चार भिंतींत राहतो? भाऊंचा एकच लोकरी कोट. तोच घालून बॉक्सरूममध्ये, तोच घालून वंदनेला. फेब्रुवारीच्या रविवारी हॉलमध्ये बसलो आणि एकेक नाक वर व्हायला लागलं. काही बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी भाऊंच्या शेजारीच. आमचे सेक्रेटरी ढोके, बोलण्यात फार सौम्य माणूस, त्यांनी हळूच सगळ्या रांगांवर नजर फिरवली आणि ती जाऊन थांबली निखिलवर. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. रम आणणारा पोरगा, दुसरं कोण? निखिल मोबाईलमध्ये बघत होता. त्याला दोन मिनिटांनी कळलं की सगळे त्याच्याकडे बघताहेत. त्यानं शर्टाची बाही उचलून स्वतःचाच वास घेतला. ते मात्र फार वाईट वाटलं मला.

वंदना संपली. चहाच्या वेळी ढोके निखिलला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, दोन मिनिटं बोलायचं होतं." तो म्हणाला, "अंकल, मी काही केलं नाही." त्याचा व्हिसा संपत आला होता, कंपनीत कोणी काही कळवलं तर काय, ही धास्ती त्याच्या आवाजात होती. मी भाऊंकडे पाहिलं. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

ते क्षणभर थांबले, हे मी सांगते, कारण ते माणूस होते. खरं सांगावं तर डोरीनची झोप जाईल, ग्विनच्या दारात पोलीस येतील, आणि ज्या माणसांसमोर तीस वर्षं ते पुढं उभे राहिले त्यांच्यासमोर मान खाली जाईल. गप्प बसावं तर निखिल. मग ते पुढं गेले, जिथं उभं राहून शीलं म्हणायचे तिथं.

"वास माझ्या कोटाचा आहे," म्हणाले.

ढोके म्हणाले, "भाऊ, तुम्ही ओढता?"

"ओढत नाही. वाळवतो."

पाठीमागून कोणीतरी हसलं. बहुतेक सुशीलाताईच. भाऊंनी पुढं सांगितलं. एक आजारी माणूस आहे. त्याच्यासाठी आहे. विकत नाही, वाढवत नाही, फक्त ओल सांभाळतो. "कोण, कुठं, हे विचारू नका. विचारलं तर मला सांगावं लागेल, आणि त्या माणसाचं नुकसान होईल."

आता आमची मंडळी कशी ते तुम्हांला ठाऊक नाही. पगार किती, घराचं मॉर्गेज किती, सून का येत नाही, सगळं पहिल्या चहात विचारणारी. पण त्या दिवशी एकानंही विचारलं नाही. कोणी ओठ मुडपले, कोणी बिस्किट तोंडात कोंबलं. ढोके तर खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत बसले.

मग भाऊ निखिलकडे वळले. "माझ्यामुळं तुझ्याकडं बोट गेलं. त्या तिरामिसूच्या दिवशीही मी तुला चार लोकांत लाजवलं. माफ कर." निखिल म्हणाला, "काका, प्लीज, असं नका बोलू." आणि भाऊ म्हणाले, "आजपासून चार शीलं मी म्हणीन. पाचवं तू म्हण."

"मी? काका, मी तर कधी कधी बिअर..."

"सोडून दे आणि म्हण."

हसू आलं सगळ्यांना, पण झालं तसंच. पुढच्या महिन्यापासून चार शीलं झाली की भाऊ पुढून उठायचे, येऊन आमच्यात सतरंजीवर बसायचे, आणि निखिल पाचवं म्हणायचा. पहिल्यांदा म्हणताना घाम फुटला होता त्याला.

एप्रिलमध्ये डोरीनला एकदाची मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली. त्यांनी कागदावर रीतसर औषध लिहून दिलं, आणि ते लागू पडलं. ग्विननं दिवा काढला, कुंड्या घासल्या, बरण्यांतलं उरलंसुरलं फेकून दिलं. माझ्या बरण्या परत आल्या. ढोके लगेच म्हणाले, भाऊ, झालं ना आता, पाचवं परत घ्या. भाऊंनी मान हलवली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा विचारलं, का हो भाऊ? "ताई, ते ओढून काय होते मला ठाऊक नाही," म्हणाले. "पण त्या सकाळी ती काडी बरोबर मोडली नं, तेव्हा मला जे झालं, ते तेच असावं. रात्रभर झोप नाही. आईला सांगावं असं वाटत होतं. आणि खरं सांगू का? फार छान वाळलं होतं." मग आवाज बारीक करून म्हणाले, "पुन्हा कोणी बोलावलं तर मी जाईन. असा माणूस पाचवं कसं म्हणेल पुढं उभा राहून?"

सुशीलाताई आतून म्हणाल्या, "डबा नाही आणणार."

त्याच उन्हाळ्यात ते दोघं ईलिंगला मुलीकडे गेले. गुडघे, जिना, नेहमीचं. दोन वर्षांनी भाऊ तिथंच गेले, झोपेत. मला अंत्यविधीला जाता आलं नाही. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर राहिलेत ते इथून जाण्याआधीच्या मे महिन्यातल्या बुद्धजयंतीचे भाऊ.

त्या दिवशी ग्विन डोरीनला हॉलवर घेऊन आला होता. भाऊंनीच बोलावलं होतं, जेवायला. खुर्ची मागच्या बाजूला, भिंतीशी लावली. चार शीलं झाली, भाऊ उठले, पण आज सतरंजीवर आले नाहीत. खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले. निखिलनं पाचवं म्हटलं, आणि सगळ्यांत मोठा आवाज मागून भाऊंचा, शाळेतल्या पहिलीतल्या पोरासारखा. मग ढोक्यांचं भाषण सुरू झालं. ते काही लवकर संपणारं नव्हतं. मधेच मी वळून पाहिलं तर डोरीनची मान एका बाजूला कललेली. गाढ झोपली होती. त्या अनोळखी भाषेत, त्या गलक्यात, भर दुपारी.

वंदनेच्या शेवटी आम्ही साधू, साधू, साधू म्हणतो. तीनदा, घसा मोकळा सोडून, छत हलेल असं. ढोक्यांनी हात जोडले, साठ माणसांनी श्वास भरून घेतला, आणि तेवढ्यात मागून भाऊंनी एक हात उंच केला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. सगळे वळून बघत राहिले. मग आम्ही साठ माणसांनी कुजबुजत म्हटलं, साधू, साधू, साधू. भाऊ खाली वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती हलली नाही.